पुढच्या वर्षीचा सांताक्लॉज

"दाढी कोटाच्या बाहेर घ्या काका, आत दडवू नका," हर्षाली म्हणाली.

गेणूने हनुवटी वर केली आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी लाल कोटाच्या बाहेर काढली. कोट विकतचा होता आणि आत दोन माणसं मावतील एवढा होता. त्याची सून मीना फरशीवर गुडघे टेकून बसली होती. ओठांत टाचण्या धरून ती कोटाची बाजू आत घेत होती.

चोवीस डिसेंबरला हर्षालीच्या तेजस्विनीला चार वर्षं पुरी होणार होती. वाढदिवस नाताळाच्या थाटात करायचा ठरला होता. गच्चीवर झाड, झाडाखाली कापसाचा बर्फ, कठड्याला कागदी चांदण्या, पोरांना लाल टोप्या. सगळं जमलं होतं. अडलं होतं ते सांताक्लॉजपाशी. मागच्या वर्षी पोरीचा काका रविराज कापसाची दाढी लावून आला होता. पोरीने ती ओढली, दाढी हातात आली, आणि केक कापेपर्यंत तिचं रडं थांबलं नाही. यंदा हर्षालीला खरी दाढी हवी होती. ती तिच्याच इमारतीच्या फाटकापाशी, राखणदाराच्या खुर्चीत बसलेली होती.

गेणू लगेच हो म्हणाला होता. त्याला अशी एखादी तारीख हवीच होती.

सात वर्षांपूर्वी त्याचा मुलगा दिनेश सुरगाण्याहून जीपने सुरतेकडे बांधकामावर गेला. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. दोन महिने फोन येत राहिला, मग बंद पडला. गेणू दोनदा शोधून आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा दिनेश ज्या इमारतीवर होता तिथे माणसं राहायला आली होती, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. परत येऊन गेणू गडावरच्या देवीला नवस बोलला. पोरगा घरी येईल त्या दिवशी दाढी उतरवीन. तेव्हा ती काळी होती.

यंदा दिवाळी झाल्यावर गावाकडून थोरला भाऊ रावजी आला. मीनाला मागणी आली होती. समाधान नावाचा माणूस, ओझरला कामाला, बायको वारलेली, स्वभावाने शांत. पण दुसऱ्या लग्नाचा पाट लावायचा तर आधी दिनेशचं करायला हवं होतं. गवताचा पुतळा बांधायचा, त्याला दिनेश म्हणायचं आणि नदीकाठी जाळायचा. अग्नी बापाने द्यायचा. अग्नी देणाऱ्याला दाढी ठेवता येत नाही.

गेणूने तेव्हा वेळ मागून घेतला. हर्षालीचं बोलणं झालं त्याच दिवशी त्याने रावजीला फोन लावला.

"चोवीस तारखेपर्यंत नाय जमायचं, दादा. ताईंना शब्द दिलाय."

"लोकाच्या पोरीच्या वाढदिवसासाठी दाढी राखतो व्हय रं? आन् आपल्या घरातल्या पोरीचं काय?"

"नंतर बघू."

मीना तिथेच भाकरी थापत होती. ती काही बोलली नाही. बोलली नाही, तेव्हा तिचं काही म्हणणं नसेल, असं गेणूने धरून घेतलं. त्याला ते सोयीचं होतं.

तेजस्विनी बालवाडीतून यायच्या आत कोटाचं काम उरकायचं होतं. हर्षालीने गेणूला आरशासमोर उभं केलं.

"आता हो हो हो करून दाखवा."

"हो," गेणू म्हणाला.

"तीनदा, काका."

"तीनदा कशाला ताई? एकदा हो म्हटलंय ना तुम्हाला."

मीना हसली. ओठांतल्या टाचण्या फरशीवर सांडल्या. त्या गोळा करताना ती पुन्हा हसली. गेणू तिच्याकडे बघत राहिला. आपली सून हसते कशी, हे तो विसरून गेला होता.

"मीना, शिवण पक्की मार हं," हर्षाली म्हणाली. "हा कोट आपल्याला पुरवायचाय. तेजू आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत दर वर्षी काकाच. पोरं तोवर वाट बघतात सांताची. मग त्यांचं त्यांनाच कळतं, कुणी येत नसतं ते."

मीनाचा हात थांबला. सुई कापडात अर्धी शिरली होती, ती तशीच राहिली. गेणूला ते आरशात दिसलं. तिची मान खाली होती. भांगात एक पांढरा केस होता. मग तिने सुई पलीकडून ओढून घेतली आणि एकावर एक टाके घालायला लागली, सांगितल्याप्रमाणे, पक्के.

गेणूने कोटाची बटणं सोडली.

"ताई, मागल्या वर्षीची कापसाची दाढी हाय का अजून?"

"असेल माळ्यावर. का?"

"काढून ठेवा. चांगली घट्ट बसवू, वढली तरी निघायची नाय. वाढदिवसाला येतो मी, शब्द मोडत नाय. पण ही त्याच्या आधी, अमावास्येला उतरवतो."

नवसाची गोष्ट हर्षालीला माहीत होती. इमारतीत ती सगळ्यांनाच माहीत होती. तिचे डोळे एकदम भरून आले. तिने गेणूचा हात धरला.

"काका, मुलगा येतोय?"

मीनाने खालून वर पाहिलं. गेणूने तिच्या हातातली सुई हळूच काढून घेतली.

"नाय ताई," तो म्हणाला. "सुनेला जायचंय."