उणे अठराच्या खोलीत

हर्षदानं डबे रचणाऱ्या रंजनाच्या बोटांना, पाठीला आणि पायांच्या अंगठ्यांना चिकटपट्टीनं तापमान मोजणाऱ्या बारीक तारा लावल्या. वरून नवं जाकीट, हातमोजे चढवले आणि तिला उणे अठरा अंशांच्या खोलीत पाठवलं. जव्हारच्या या शीतगृहात आमरसाचे डबे गोठवून ठेवत. नवी जाकिटं कामगारांना कितपत ऊब देतात, ते मोजायला हर्षदा ठाण्याहून आली होती.

रंजना आत डबे रचू लागली. दर पाच मिनिटांनी हर्षदा दार किलकिलं करून विचारायची, थंडी वाजते का? रंजना मान हलवायची. नाय लागं.

पडद्यावरचे आकडे वेगळं सांगत होते. पाठ ठीक होती. बोटं मात्र वीस, सतरा, चौदा अशी उतरत चालली. बारावर हर्षदानं चाचणी थांबवून तिला बाहेर घेतलं.

सुपरवायझर पंकज म्हणाला, बाई स्वतःच थंडी नाही म्हणते, तेच लिहा. दोनशे जाकिटं येऊन पडलीत.

तो गेल्यावर हर्षदानं रंजनाला खरं काय ते विचारलं.  रंजनानं इथंच कामाला येणाऱ्या सूर्यमाळच्या सकूचं सांगितलं. सकू पंकजला म्हणाली होती की बोटं बधिर होतात. दुसऱ्या दिवसापासून कामाची जीप सकूच्या पाड्यावर थांबलीच नाही. रंजनाच्या दाभोशात जीप अजून थांबते.

"आकडा लिवा, ताई," रंजना म्हणाली. "मी बोलली, असा नका लिवू."

हर्षदानं तसं कबूल केलं. हातमोजे, तारा काढल्या. तेवढ्यात कुणीतरी स्टीलच्या पेल्यांत उकळता चहा आणून ठेवला. हर्षदानं आपला पेला उचलला आणि चटका बसून लगेच खाली टेकवला.

समोर रंजनानं स्वतःचा पेला दोन्ही तळव्यांत गच्च धरला होता. वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि ती निवांत फुंकर घालत होती.

हर्षदानं पेला ओढून घेतला. चहा सांडला. रंजनाचे तळवे लालभडक झाले होते. ती ते उलटेपालटे करून पाहत राहिली, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

"हा पण लिवाल काय?" तिनं हळूच विचारलं.