यंत्र निर्दोष

"वारा अजून वाढवा," तात्या म्हणाले.

विभागप्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "ताशी साठ किलोमीटर दिलाय, तात्या. त्यापुढे क्रेन चालवायलाच बंदी आहे."

"तरी वाढवा. आणि दोर झिजलेला धरा."

"नव्या सुनेच्याही कुणी एवढ्या चुका काढत नाही."

तात्या हसले नाहीत. पस्तीस वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या या तपासनिसाची चिकाटी सर्वांच्या परिचयाची होती.

बांधकामावरच्या क्रेनचा भार झोका घेऊन भिंतीवर आदळला होता आणि दोन गवंडी जागीच गेले होते. दोष यंत्राचा की चालकाचा, एवढेच चौकशी समितीला हवे होते. झोका आवरणारे नियंत्रण फक्त चालकाजवळच्या किल्लीने बंद होई. किल्ली फिरवलीच नाही, असा चालकाचा जबाब होता. तो खोटा ठरला, तर दहा वर्षांची सक्तमजुरी ठरलेली.

म्हणून संगणकावर क्रेनचे गणिती प्रारूप उभे केले होते. आज्ञावली दोन-चार चाचण्यांवर भागवीत नसे. नियंत्रण चालू आहे असे धरून वारा, वजन, दोर, चालकाचा हात यांच्या शक्य त्या साऱ्या अवस्था ती धुंडाळी. भार मर्यादेबाहेर जाण्याची एक जरी वाट असली, तर ती आखून दाखवी. नसली, तर तसे सिद्ध करी.

सोळा दिवस प्रत्येक "वाट नाही" नंतर तात्या गृहीतके सैल करीत आणि पुन्हा प्रारंभ करीत.

"लेक माहेरी आलीय ना तुमची?" बाई म्हणाल्या. "जरा लवकर घरी जा की. तिचे लाड करा."

"हे एवढं संपू दे."

दुपारी पडद्यावर ओळ उमटली: मर्यादाभंग अशक्य. सिद्ध.

"सुटलो बाई एकदाचे," त्या म्हणाल्या. "यंत्र निर्दोष. आता त्या चालकाची काही धडगत नाही."

"गृहीतकांत काही राहिलं नाही ना?"

"तीनदा तुम्हीच तपासलीत. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी सही ठोकून मोकळा झाला असता."

तात्यांनी अहवाल ओळ न् ओळ वाचला. पहिल्या पानावरचे रकाने त्यांनी आरंभीच सुवाच्य अक्षरात भरले होते: नाव, हुद्दा, पक्षकारांशी नाते: नाही. सिद्धतेवर अविश्वास दाखवणे त्यांना आजवर जमले नव्हते. त्यांनी टोपण काढून पेन टेकवले आणि सही पूर्ण केली.

घरी दार लेकीनेच उघडले. त्यांच्या हातातली पिशवी घेता घेता तिने हळूच विचारले, "काय निघालं, बाबा? खरंच सांगते, मी त्या किल्लीला हातसुद्धा लावला नव्हता."