कुयरीचा साचा

“हे काय?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

मागच्या वर्षीच्या माझ्या एक्सरेत, छातीच्या डाव्या बाजूला, कुयरीच्या आकाराचं भोक होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती स्वतःच्या चपलांकडे पाहत होती.

“गोधडीवर नक्षी आखायला साचा केला,” ती म्हणाली. “पुठ्ठ्याचा दोन गोधड्यांतच फाटतो. ही फिल्म कितीही घासा, फाटत नाही. यांची औषधं सुरू झाली, मला वाटलं एक्सरेचं काम संपलं.”

“अगं, पण जुना डाग केवढा होता ते आता कशावरून कळायचं?” मी ओरडलो.

डॉक्टरबाई मात्र भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. “कुयरी नेमकी इथंच का कापलीत?”

“इथं पांढरी कुयरी आयतीच दिसत होती. मला कुठं चित्र काढता येतं? तिच्याच कडेकडेनं ब्लेड फिरवलं.”

म्हणजे घरातल्या प्रत्येक गोधडीवर माझा डाग होता आणि वर्षभर मी तोच पांघरून झोपत होतो!

डॉक्टरबाईंनी आजची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. फासळीवर फासळी जुळवत तिच्यावर साचा ठेवला. आम्ही तिघंही पुढे वाकलो.

भोकातून पांढरा डाग दिसला. त्याच्या चारही बाजूंनी काळी, मोकळी जागा होती.

“आटलाय,” डॉक्टरबाई हसल्या.

माझा श्वास मोकळा झाला. बायको अजून डागाकडेच निरखून पाहत होती.

“एवढीशी कुयरी बाळाच्या दुपट्यावर छान दिसेल,” म्हणत तिनं नव्या फिल्मकडे हात नेला.