अर्धा अर्धा ऑपेरा

दार उघडलं तर बाहेर ताई. काखेत चौकोनी पिशवी, ओठ घट्ट मिटलेले.

"माझा प्लेअर मेलाय," ती म्हणाली. "ही रेकॉर्ड तुझ्यावर लावायचीय. बोलायला आलेले नाही."

तिच्या धाकट्या, चष्मेवाल्या भावाने बाजूला होऊन तिला आत घेतलं. वडील गेल्यावर या बहीणभावांचं भांडण झालं ते घरावरून नव्हे की दागिन्यांवरून नव्हे. ते झालं एका अमेरिकन ऑपेरावरून. ते रेकॉर्डिंग म्हणजे वडिलांचा जीव की प्राण, आणि मुलांनीही त्याच्या सुरांत पाढे म्हटले, मार खाल्ला, गोवर काढला. संचात रेकॉर्ड दोन. कुणीच माघार घेईना, तेव्हा मामांनी एकेकाच्या हातात एकेक ठेवली आणि स्वतःची सुटका करून घेतली. तेव्हापासून भावाकडे पूर्वार्ध होता, बहिणीकडे उत्तरार्ध, आणि अबोला दोघांकडे सारखाच.

"वन्सं, चहा टाकू?" चष्मेवाल्याच्या बायकोने विचारलं.

"नको. आले तशी जाणार आहे." मग जरा थांबून, "साखर कमी घाल."

चष्मेवाल्याने कपाटातून आपली रेकॉर्ड काढून सदऱ्याच्या टोकाने पुसली. "नुसती दुसरी कशी लावायची? आधी पहिली ऐकू."

"मी बोलायला..."

"बोलू नकोस. ऐक."

सुई टेकली. गाणं इंग्रजीत होतं असं वडील म्हणायचे, पण त्या आलापांत आणि किंकाळ्यांत एकही शब्द हाती लागायचा नाही. नदी आहे, बोट आहे, कप्तान आहे आणि एक बाई आहे, एवढंच त्यांनी सांगितलेलं. बाकी ज्याचं त्याने ऐकायचं.

कोरस सुरू झाला आणि दोघंही ताडकन उठून उभी राहिली. वडील तिथे उठायचे. मग एकमेकांची नजर चुकवत दोघं पुन्हा बसली. ताईने पदराने नाक पुसलं. चष्मेवाला उगीचच चष्मा पुसत राहिला.

खर्जातला आवाज लागला तसा तो न राहवून म्हणाला, "हा बघ. हाच तो हलकट."

"कोण?"

"कप्तान. बिचारी गयावया करतेय, आणि हा तिला बोटीत घेत नाही."

ताई सरळ बसली. "कप्तान हलकट? अरे, तो देवमाणूस आहे! पुढे तिच्यासाठी जीव देतो तो."

"हा? जीव?"

"लाव माझी. लाव आधी."

त्याने रेकॉर्ड बदलली. दोघं प्लेअरवर वाकून बसली, डोक्याला डोकं लागेल इतकी जवळ. चहा आला, गार झाला. शेवटी तोच खर्जातला आवाज हुंदके देऊ लागला आणि मागून बुडबुड असं काहीतरी ऐकू आलं.

"बुडतोय," ताईचा आवाज कापरा झाला. "तिला किनाऱ्यावर सोडलं आणि स्वतः बुडाला."

चष्मेवाल्याने कान आणखी जवळ नेला. "ताई, बुडत नाहीये. पितोय. बाटलीचा आवाज आहे तो."

"बाटलीचा!"

"पिऊन पडलाय. बोट सोडून."

"बाळ्या, सगळं आयुष्य मी त्या माणसासाठी रडलेय!"

"मग चुकीच्या माणसासाठी रडलीस!"

ताईने जन्मभर इस्पितळात मेट्रन म्हणून अख्खे वॉर्ड एका हाकेत गप्प केले होते. तो आवाज आता तिने लावला. चष्मेवाल्यानेही आपला लावला. गाणारी बाई दोघांच्या खाली कुठेतरी दबून गेली.

दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या.

"सगळं ठीक आहे ना? एवढं कोण भांडतंय?"

"भांडत नाहीत हो," चष्मेवाल्याची बायको दार लोटून घेत म्हणाली. "बोलायला लागलेत."

आतून ताई ओरडत होती, "तुला लहानपणापासून माणसं ओळखता येत नाहीत! परत लाव! पहिल्यापासून लाव!"