धूळ नसलेला कॉम्प्युटर

कंपनीचं चिन्ह स्क्रीनवर उमटलं, त्याखालचं चक्र जरासं फिरलं आणि थांबलं. मेकॅनिकनी कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबून पाहिलं. दिवा लागला नाही.

"नुसता रेंगाळत असता तर हा दिवा लागला असता," ते म्हणाले. "हा पार गोठलाय."

बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

हे कधीपासून होतंय, मेकॅनिकनी विचारलं. आज सकाळपासून, बाई म्हणाल्या. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होता. वीज गेली नव्हती, कुणी पाडला-बिडला नव्हता, नवीन काही टाकलंही नव्हतं.

मेकॅनिकना बरं वाटलं. जो कॉम्प्युटर मुळात सुरूच होत नाही, त्यात त्यांना फारसा रस नसे. थोडं चालून अडणारा कॉम्प्युटर मात्र काहीतरी सांगू पाहतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी प्रिंटर, स्पीकर, कॅमेरा, सगळ्यांच्या वायरी काढल्या आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच चिन्ह, तेच चक्र.

"म्हणजे दुखणं आत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी टेबलाखालून कॅबिनेट ओढून खिडकीच्या उजेडात घेतलं.

झाकण काढताच त्यांनी सवयीनं फुंकर मारायला गाल फुगवले, आणि ते तसेच फुगलेले राहिले. आत धूळच नव्हती. पंख्याच्या पात्यांवर नाही, कोपऱ्यांत नाही. त्यांनी झाकणाचे स्क्रू तळहातावर घेऊन निरखले. त्यांच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

"कमाल आहे. हा कॉम्प्युटर कुणीतरी सारखं उघडतंय."

बाईंनी चहा आणून टेबलावर ठेवला, बिनसाखरेचा. मेकॅनिकना तसाच आवडायचा.

घरात कोण कोण असतं, त्यांनी विचारलं.

"मी, मुलगी आणि आमचे हे."

"तुमचे हे उघडतात का याला?"

"उघडतात. त्यांना आवड आहे."

"मग झालं तर." मेकॅनिकनी कपाळाला हात लावला. असे हौशी नवरे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. "त्यांना म्हणावं, ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये."

"सांगते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ओठांवर पदर धरून हसू दाबलं.

मेकॅनिकनी रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, पुन्हा बसवल्या. फरक पडला नाही. एकच पट्टी लावून पाहिली, मग दुसरी. दर वेळी कॉम्प्युटर तिथंच येऊन अडायचा. चहा तसाच राहिला होता.

"अहो, चहा गार होतोय," बाई म्हणाल्या.

मेकॅनिकनी कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. हातातला स्क्रूड्रायव्हर कुणीतरी आत्ताच आणून दिल्यासारखा ते त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, हे कधीपासून होतंय?

आज सकाळपासून, बाई म्हणाल्या, मघाच्याच आवाजात. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होता.

"पूर्वी मी असली दुखणी चुटकीसरशी शोधायचो," मेकॅनिक हळूच म्हणाले. "तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. मला नाही जमणार हे."

बाईंचा चेहरा उतरला. एका जुन्या कॉम्प्युटरपायी उतरावा त्यापेक्षा जास्तच. त्या पहिल्यांदा चौकट सोडून आत आल्या आणि शेजारी जमिनीवर बसल्या.

"दुसरं कुणी नको," त्या म्हणाल्या. "एकदा कान देऊन बघा ना. मला मघाशी आतून टकटक ऐकू आली."

मेकॅनिकनी बटण दाबलं आणि डोळे मिटून कान कॅबिनेटला लावला. पंख्याच्या घरघरीखाली बारीकसा आवाज होता. टक. टक. मग गप्प. मग पुन्हा टक.

त्यांचे डोळे उघडले, तेव्हा ते निराळेच दिसत होते. कॉम्प्युटर बंद करून त्यांनी खालच्या कप्प्यात बोटं घातली. तिथं दुसरी एक जुनी हार्ड डिस्क बसवलेली होती, तीही वाकडी. एक स्क्रू तिरका जाऊन रुतला होता.

"नवशिक्याचा हात," ते म्हणाले. "ही डिस्क मेलेली आहे. सुरू होताना कॉम्प्युटर जोडलेल्या प्रत्येकाला हाक मारतो. ही धड ओ देत नाही आणि हा बापडा तिची वाट बघत राहतो."

त्यांनी डिस्कची वायर उपसली आणि बटण दाबलं. चिन्ह आलं, चक्र फिरलं, फिरत राहिलं आणि स्क्रीन उजळली. समोर एका नावेपाशी एक तरुण आणि एक तरुणी वाऱ्यानं उडणारे केस सावरत हसत होते.

"या तुम्ही ना? आणि हे?"

"आमचे हे."

"माणूस चांगला दिसतो."

"आहेतच चांगले. रागावू नका त्यांच्यावर."

छे, रागावतो कशाला, मेकॅनिक म्हणाले. उलट त्यांच्यामुळे आजची सकाळ मजेत गेली. गार झालेला चहा त्यांनी एका दमात संपवला. जेवूनच जा, असा बाईंनी आग्रह केला, तेव्हा आढेवेढे न घेता ते हात धुवायला गेले.

तेवढ्यात मुलगी कामावरून जेवायला घरी आली. सुरू असलेली स्क्रीन तिनं पाहिली, न्हाणीघरातून येणारी शीळ ऐकली आणि स्वयंपाकघरात येऊन ती आईच्या कानाशी पुटपुटली, "आज बाबांना लवकर सापडलं वाटतं. उद्यासाठी जरा अवघड काहीतरी बिघडवून ठेवू या."