इकडची काडी तिकडे

"फिकी आहे," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता सर म्हणाले. "बरीच फिकी."

लेकीने धरून ठेवलेली टेबलाची कड सोडली. काचपट्टीवरचं नाव तिने झाकलं होतं. आईच्या टाचेवरचा तीळ कॅन्सरचा निघाला, कापून काढला, आणि त्याचा एक पातळ काप लेक काम करायची त्याच प्रयोगशाळेत आला. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा राहिला नव्हता. भीती माणसाला भलतंच दाखवते.

गाठीतल्या पेशी किती ऊर्जा जाळतात, हे रंग देऊन बघणं हेच तिथलं काम. फार जाळणारी गाठ गडद तपकिरी दिसायची, आणि बहुतेक तीच पुढे अंगभर पसरायची. लेकीचा जीव टांगणीला लागला होता तो यामुळेच. आई म्हणजे पायाला भिंगरी. आपण बसलो तर घर कोसळेल अशा समजुतीने वावरणारी. गाठ तिच्यावरच गेली असती तर?

लेकीचं सगळं उलट. सुट्टी म्हणजे लोळणं, हा तिचा लहानपणापासूनचा धर्म. आणि आल्यागेल्यासमोर आईचं वाक्य ठरलेलं: "ही? इकडची काडी तिकडे करायची नाही."

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा टाचेला पट्टी बांधलेली आई एका पायावर उभी राहून भांडी घासत होती. वाटेत जुळवलेली सगळी शास्त्रीय वाक्यं लेक विसरली.

"आई, तुझी गाठ बघितली. शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण ती..." तिला शब्द सापडले, ते आईचेच होते. "ती इकडची काडी तिकडे करणाऱ्यातली दिसत नाही गं."

आईने नळ बंद केला. डोळे पुसायला हात कोरडा नव्हता, तिने खांद्यालाच पुसले.

"म्हणजे तुझ्यावर गेली," ती म्हणाली.

लेकीला हसू आलं आणि रडूही. मग जन्मात पहिल्यांदा, कोणी न सांगता, ती भांड्यांकडे वळली. आईने तिचं मनगट धरलं आणि लंगडत तिला पलंगापाशी नेलं.

"राहू देत ती भांडी. लोळ जरा. आणि सरक, मलाही जागा दे."