पिल्लं शांत असतील तर

पिल्लं गोळा होऊन ओरडत असतील तर: थंडी.

दाराला आतून चिकटवलेल्या कागदावरचं हे पहिलं वाक्य आता वाचायची सुनेला गरज नव्हती. मागच्या खोलीत, पत्र्याच्या रिंगणात, एकशे वीस बॉयलर पिल्लं एका बाजूला एकमेकांवर चढून कान किटेपर्यंत ओरडत होती. पहाटेच वीज गेली होती. रिंगणावरचे दोन मोठे बल्ब नुसते लोंबत होते.

मागच्या खेपेला अशाच एका सकाळी तिनं ढीग उपसला तर तळातली एकवीस चपटी झालेली. तिनं ती एकटीनं बादलीत भरली. नवरा एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिच्या जास्त जिव्हारी लागलं. या खेपेला एकही जाऊ देणार नाही, असं ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती.

तिनं अंगणात कोळसे फुलवले आणि शेगडी आणून रिंगणाच्या मधोमध ठेवली.

रिंगणाला लागूनच सासूची बाज होती. घरातली एकुलती एक उबदार खोली कोंबड्यांना आणि आपण पलीकडे कुडकुडत बसायचं, हा कुठला न्याय, असं दोन दिवस ऐकवून सासूनं काल ती इकडे हलवून घेतली होती. आता हनुवटीपर्यंत गोधडी आणि कानात कापूस घालून ती मजा बघत होती. तुझा नवरा लहानपणी अगदी असाच होता, म्हणाली. पोट भरलेलं असो नसो, गळा चालूच.

पिल्लांच्या उंचीवर बांधलेला तापमापक सव्वीस दाखवत होता. हवे होते बत्तीस. खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबलेली. गार वारा येत होता तो बाजेच्या वरच्या झरोक्यातून.

कागदाच्या तळाशी नवऱ्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, शेगडी असेल तर झरोका उघडा. खाली दोन रेघा. पहिल्या पाळीला निघताना त्यानं ते तोंडानंही सांगितलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं म्हणून तिनं त्याच्या हातात डबा दिला होता.

ती बाजेच्या कडेवर चढली आणि खाद्याचं रिकामं पोतं घडी करून झरोक्यात दाबून बसवलं.

"तासाभरापुरतं," ती म्हणाली.

"राहू दे की," सासू म्हणाली. "गुडघे आत्ता कुठे माझे वाटायला लागलेत."

पिल्लं कडेला सरकून, चोची उघडून धापा टाकत असतील तर: उकाडा.

असं तिच्याकडे कधीच झालं नव्हतं.

पिल्लं सगळीकडे सारखी पसरून शांत असतील तर: बरोबर.

खालचा भुसा पालटेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं. विष्ठेचा दर्प चढला असणार. पाण्याची भांडी घेऊन ती अंगणात आली, तसं वाऱ्यावर जरा बरं वाटलं. पाणी बर्फासारखं होतं. भांडी घासता घासता आतला कलकलाट कधी उतरला ते तिला कळलंही नाही.

ते कळलं खाद्यवाल्याला. शेवटची गोणी पाठीवरून उतरवून तो कंबर धरून उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला.

"पिल्लं आहेत ना वहिनी? का पावण्यारावळ्यांना कापून घातली?"

"झोपलीत," ती म्हणाली. म्हणताना तिला हसू आवरेना.

इतकी गुणी पिल्लं आपण या हिवाळ्यात कुठे पाहिली नाहीत, असं तो म्हणाला. वरच्या आळीतल्या शिंप्याची तर वीज गेल्यापासून रस्त्यावर ऐकू येतायत. मग त्या शिंप्याचा विषय निघाला, तो बराच चालला. तो गेल्यावर तिनं गोण्या पुढच्या खोलीत ओढून रचल्या, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की सासूनं अजून चहाला हाक मारलेली नाही. एरवी दहाच्या ठोक्याला भिंतीवर वाटी आपटायची.

तिनं चहा केला. कपावर बशी झाकून, पायानं चादर सारत दार उघडलं.

तापमापकात तेहतीस.

रिंगण तिनं पाहिलं आणि पाहतच राहिली. ढीग मोडला होता. एकेक पिल्लू आपापल्या जागी, मान भुशावर टाकून, पाय मागे ताणून. कुणी कुणाच्या अंगावर नाही. हातानं मांडल्यासारखी. चुलीवरचं दूध उतू न जाता नेमकं काठाशी थांबावं, तसं तिला वाटलं.

सासूचं तोंड जरा उघडं होतं. गाल लालसर झाले होते. या थंडीत पहिल्यांदाच. एक हात गोधडीतून निसटून रिंगणात लोंबत होता आणि उघड्या तळव्यावर एक पिल्लू मान टाकून निजलं होतं.

सुनेनं वर झरोक्याकडे पाहिलं. तास केव्हाच उलटून गेला होता. पण पोतं काढायचं तर बाजेवर चढायला हवं, आणि बाज करकरायची. दोन महिन्यांत म्हातारीला अशी झोप लागली नव्हती.

तिचं डोकं पुन्हा ठणकायला लागलं. कप तिनं बाजेच्या पायाशी ठेवला आणि चवड्यांवर चालत बाहेर आली.

दार आवाज न करता ओढून घेतलं. मग फटीतून ऊब जाऊ नये म्हणून चादर पायानं नीट कोंबली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.